घरातले बोलणे आणि मुलांचे गणित

मुलाचे गणित पहिलीच्या वर्गात सुरू होत नाही. ते त्याआधी घरातल्या बोलण्यात सुरू झालेले असते. ‘दोनच घास उरलेत’, ‘एकेक पायरी उतर’, ‘ताईला एक लाडू जास्त का?’ अशा वाक्यांतून संख्या, क्रम, तुलना आणि वाटणी मुलाच्या कानावर पडत असतात. शाळा सुरू झाली की हेच बोलणे रूप बदलते. गृहपाठाची चौकशी होते, गुणांवरून बोलणी बसतात, ‘आमच्या घरात कुणालाच गणित जमलं नाही’ असे सहज बोलले जाते आणि दहावीनंतर कोणती शाखा घ्यायची यावर खल होतो.

मुलाची गणितातली गोडी व प्रगती आणि हे बोलणे यांचा संबंध काय, याचा गेली चाळीसेक वर्षे मानसशास्त्रज्ञ आणि शिक्षणाचे अभ्यासक शोध घेत आले आहेत. त्यातून निघालेली मुख्य गोष्ट पालकांना धीर देणारी आहे. आईवडिलांना गणित उत्तम यायला हवे असे नाही आणि घरी दुसरी शाळा भरवण्याचीही गरज नाही. ते गणिताविषयी कोणत्या सुरात बोलतात, मुलाला काय विचारतात आणि त्याचे म्हणणे किती ऐकतात, याला खरे वजन आहे.

पहिली चार वर्षे

शिकागो विद्यापीठातील सुझन लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४ मुलांच्या घरी जाऊन त्यांच्या रोजच्या व्यवहाराचे चित्रीकरण केले. मूल १४ महिन्यांचे असताना पहिली भेट झाली आणि ३० महिन्यांचे असताना शेवटची. प्रत्येक भेट दीड तासाची, अशा एकूण पाच भेटी झाल्या. या साडेसात तासांत पालकांच्या तोंडून संख्यावाचक शब्द किती वेळा आले, हे मोजले गेले. एका घरात ते अवघे ४ वेळा आले होते, तर दुसऱ्या एका घरात २५७ वेळा. मुले पावणेचार वर्षांच्या पुढे गेल्यावर त्यांची चाचणी घेतली, तेव्हा ज्या घरांत संख्यांचे बोलणे जास्त होते तिथल्या मुलांना संख्येचा अर्थ अधिक चांगला कळलेला दिसला. पालक एकूण किती बोलतात आणि कुटुंबाची आर्थिक-शैक्षणिक स्थिती काय, हे लक्षात घेऊनही हा संबंध टिकून राहिला. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला.

संख्येचा अर्थ कळणे म्हणजे नेमके काय, हे घरी सहज पाहता येते. तीन वर्षांचे मूल एक ते दहा घडाघडा म्हणते. त्याच मुलाला ‘मला चार चिंचोके दे’ म्हटले तर ते मूठभर चिंचोके हातावर ठेवते. आकडे म्हणणे आणि मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोजताना शेवटी उच्चारलेली संख्या ही त्या सगळ्या वस्तूंची संख्या असते, ही समज बहुतेक मुलांना साडेतीन-चार वर्षांच्या सुमारास येते. याच गटाच्या पुढच्या अभ्यासात असे आढळले की समोर दिसणाऱ्या वस्तू मोजून त्यांची संख्या सांगणे विशेष उपयोगी पडते. त्यातही चार ते दहा वस्तूंच्या समूहांविषयी बोलणे एक-दोन-तीनपुरत्या बोलण्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरते. म्हणून हवेत आकडे म्हणवून घेण्यापेक्षा ताटातल्या शेंगा बोट लावून मोजाव्यात आणि मोजून झाल्यावर ‘म्हणजे किती झाल्या?’ असे विचारावे.

खेळही अशा बोलण्याची जागा असतो. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी अमेरिकेतील गरीब कुटुंबांतल्या बालवाडीच्या मुलांना एक ते दहा अंकांच्या सरळ पट्टीवरचा सोंगटीचा खेळ खेळायला दिला. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांच्या चारच बैठका झाल्या, तरी मुलांची संख्यांची जाण लक्षणीय सुधारली. रंगांच्या घरांवर तोच खेळ खेळलेल्या मुलांत असा बदल दिसला नाही. सोंगटी पुढे नेताना कसे मोजायचे, यालाही महत्त्व असते. सापशिडीत सोंगटी पाचवर आहे आणि दोनचे दान पडले, तर बहुतेक मुले ‘एक, दोन’ म्हणत पुढे जातात. त्याऐवजी ‘सहा, सात’ असे घरांवरचे अंक म्हणत पुढे गेले, तर पाचात दोन मिळवले की सात होतात हे आपोआप ठसते. सोबत खेळणाऱ्या आजोबांनी एवढे पाहिले तरी पुरे.

परवचा आणि मराठी संख्या

मराठी घरांत गणिताच्या बोलण्याची एक जुनी रीत होती, ती म्हणजे परवचा. दिवेलागणीला शुभंकरोती झाले की पाढे म्हटले जात. नुसते बे ते तीस नव्हे, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकीसुद्धा. या पाठांतराला कमी लेखण्याचे कारण नाही. पाढा तोंडावर असला की मोठे उदाहरण सोडवताना डोके आकडेमोडीत अडकून पडत नाही आणि पुढच्या पायरीचा विचार करायला मोकळे राहते. पण परवच्यात मुलाने म्हणायचे आणि मोठ्यांनी चुका काढायच्या, एवढेच घडते. ‘असे का?’ हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. ‘सात आठे छप्पन्न’ म्हणून झाल्यावर ‘सात नव्वे विसरलास तर कसं काढशील?’ असे कुणी विचारले आणि मुलाने ‘छप्पन्नात अजून एक सात’ असे उत्तर शोधले, की त्याच पाठांतरातून गुणाकार म्हणजे काय हे उलगडते.

मराठी संख्यावाचनाची स्वतःची एक अडचण आहे. तेवीस म्हणताना आधी तीन ऐकू येतात आणि मग वीस, पण लिहिताना आधी २ येतो. त्यात एकोणतीस, एकोणसाठ असे ‘एक कमी’ सांगणारे शब्द आहेत. जर्मनमध्येही एकक आधी बोलले जाते आणि तिथल्या लहान मुलांच्या अंकलेखनात उलटापालटीच्या चुका मोठ्या प्रमाणावर आढळल्या आहेत. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस तीन’ अशा वाचनाचा पर्याय दिला गेला, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणिततज्ज्ञ मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मुलांची जोडाक्षरांची आणि क्रमाची अडचण ध्यानात घेऊन तो सुचवला होता. वादात कुणाची बाजू काहीही असो, अडचण खरी आहे आणि घरी तिच्यावर उपाय आहे. ‘तेवीस म्हणजे वीस आणि तीन’ असे दोन्ही प्रकारे बोलावे आणि दहा-दहाच्या दोन नोटा व रुपयाची तीन नाणी समोर मांडावीत. इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या मुलांना ‘एकोणसत्तर’ ऐकून गोंधळायला होते, म्हणून घरात मराठी संख्या टाळणे हा उपाय नव्हे. संकल्पना एका भाषेत पक्की झाली की तिचे दुसऱ्या भाषेतले नाव शिकणे जड जात नाही.

मुलाच्या मनातले दोन प्रश्न

शाळा सुरू झाल्यावर गणिताशी मुलाचे नाते कसे घडते, याची एक उपयुक्त मांडणी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅकलिन एकल्स यांनी केली. त्यांच्या मते एखाद्या विषयात मूल किती जीव ओतेल हे दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते. पहिला प्रश्न ‘मला हे जमेल का?’ आणि दुसरा ‘हे मी का करावे?’ विषयाची गोडी, त्याचा उपयोग आणि तो आपल्याला शोभतो की नाही याची भावना हे सारे दुसऱ्या प्रश्नात येते. दोन्ही उत्तरांसाठी मूल सर्वांत आधी घरातल्या मोठ्यांकडे पाहते.

गोडी आणि प्रगती एकमेकींना पोसतात. जमले की आवडते आणि आवडले की मूल त्यात अधिक वेळ घालवते. जर्मनीतील बव्हेरिया राज्यात साडेतीन हजार विद्यार्थ्यांचा अनेक वर्षे मागोवा घेणाऱ्या एका अभ्यासात असे दिसले की सुरुवातीच्या गणिती पातळीचा बुद्ध्यंकाशी संबंध होता. पुढच्या वर्षांत कोणाची किती वाढ झाली हे मात्र बुद्ध्यंकावरून सांगता आले नाही. ते मुलाची आवड, आपल्या प्रयत्नांवरचा विश्वास आणि समजून घेऊन अभ्यास करण्याची सवय यांवरून सांगता आले. घरातल्या बोलण्याचा हात नेमका याच तीन गोष्टींपर्यंत पोचतो.

गृहपाठाची वेळ

पालक आणि मूल यांच्यात गणितावरून सर्वाधिक बोलणे गृहपाठाच्या वेळी होते आणि सर्वाधिक बिघडतेही तिथेच. माध्यमिक शाळेतील मुलांच्या बाबतीत नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ साली ५० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. पालकांच्या सहभागाचे अनेक प्रकार प्रगतीशी जोडलेले निघाले, अपवाद गृहपाठातील मदतीचा. तिचा प्रगतीशी संबंध बहुधा उलटा दिसला. मूल मागे पडले म्हणून पालक मदतीला येतात, हे त्यामागचे एक कारण आहेच. पण मदत करण्याची पद्धत हेही दुसरे कारण आहे. उत्तर सांगून मोकळे होणे, वही हातातून ओढून घेणे, ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणत दुसरीच रीत लादणे या सगळ्यांतून मुलाला एकच गोष्ट कळते, की हे आपले काम नव्हे.

एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. दुसरी-तिसरीतल्या मुलीने ५२ वजा २७ याचे उत्तर ३५ लिहिले आहे. ‘चूक! वरून उसना घ्यायचा असतो, किती वेळा सांगितलं?’ असे आई म्हणाली, तर मुलगी खोडून २५ लिहील आणि पुढच्या उदाहरणात तीच चूक करील. आईने ‘कसं केलंस, मला सांग बरं’ असे विचारले, तर मुलगी सांगेल की ‘सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.’ आता चूक कुठे आहे ते दिसते. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, असा नियम तिने स्वतःच बनवला आहे. मग आई विचारील, ‘तुझ्याकडे बावन्न रुपये आहेत आणि सत्तावीसची वही घेतलीस, तर पस्तीस उरतील का?’ मुलगी बोटांवर मोजत म्हणेल, ‘सत्तावीसचे तीस व्हायला तीन, तिसाचे पन्नास व्हायला वीस आणि वरचे दोन. पंचवीस!’ तिला वजाबाकी येत होती, फक्त कागदावरच्या उभ्या मांडणीशी तिची गाठ पडलेली नव्हती. आईने एकही गोष्ट शिकवली नाही. तिने दोन प्रश्न विचारले आणि उत्तर ऐकून घेतले.

बाजारातला हिशेब आणि वहीतला हिशेब यांच्यातली ही दरी खोल असते. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांचा कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आला. ही मुले भाव, वजन आणि सुटे पैसे यांचा गुंतागुंतीचा हिशेब तोंडी आणि अचूक करत. तेच गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडले की त्यांची गाडी अडे. उलट, फक्त शाळेत शिकणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब जमत नव्हता. दोन्हींमधला पूल आपोआप बांधला जात नाही. पाव किलो गवार ३० रुपयांना असेल तर पाऊण किलोला किती, हे मंडईत विचारावे आणि घरी आल्यावर तेच उदाहरण वहीत कसे मांडायचे हे मुलालाच विचारावे. पूल बांधण्याची याहून सोपी रीत नाही.

भीती कशी उतरते

आईवडिलांच्या मनातली गणिताची भीती मुलांपर्यंत पोचते, हे आता अभ्यासांतून दिसले आहे. एरिन मलोनी, शॉन बायलॉक, सुझन लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली पहिली-दुसरीतल्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गणिताला घाबरणाऱ्या पालकांची मुले त्या वर्षभरात गणित कमी शिकली आणि वर्षअखेर त्यांच्या मनात भीतीही अधिक होती. मात्र हे फक्त त्याच घरांत घडले, जिथे हे पालक वारंवार गृहपाठात मदत करत होते. जे घाबरणारे पालक गृहपाठाच्या वाटेला फारसे जात नव्हते, त्यांच्या मुलांवर असा परिणाम दिसला नाही. वाचनाच्या बाबतीतही तो दिसला नाही. भीती बहुधा पोचते ती त्रासिक स्वरातून, उसाशातून आणि ‘हे मला कधीच कळलं नाही’ अशा वाक्यांतून. एकदा ती मुलाच्या मनात शिरली की काळजीच डोक्यातली जागा अडवते. मधल्या पायऱ्या लक्षात ठेवायला जी स्मृती लागते ती या काळजीत गुंतते आणि येत असलेले उदाहरणही चुकते.

म्हणून घाबरणाऱ्या पालकांनी गणिताचे नावच काढू नये का? त्याच गटाच्या एका प्रयोगाने याचे उत्तर दिले आहे. शिकागो परिसरातील पहिलीच्या ५८७ मुलांच्या कुटुंबांना टॅब्लेट देण्यात आले. काहींच्या टॅब्लेटवर झोपण्याआधी पालकांनी मुलासोबत वाचायच्या छोट्या गणिती गोष्टी आणि त्यांवरचे प्रश्न होते. इतरांना तशाच, पण गणित नसलेल्या वाचनाच्या गोष्टी मिळाल्या. गणिती गोष्टी नियमित वाचणाऱ्या कुटुंबांतील मुले वर्षाअखेर गणितात पुढे गेली आणि सर्वाधिक फायदा झाला तो गणिताला घाबरणाऱ्या पालकांच्या मुलांना. पुढे त्या गोष्टी वाचणे कमी झाले, तरी तिसरीपर्यंत हा फायदा टिकला. आपल्या मुलाला गणित जमू शकते आणि ते त्याच्या कामाचे आहे, असे या पालकांना वाटू लागले होते. गृहपाठाच्या ताणात जे बिघडत होते, ते निवांत वेळच्या, गुणांशी संबंध नसलेल्या बोलण्यातून सुधारले.

कौतुक कशाचे करावे

‘मला जमेल का?’ या प्रश्नाला पालक कौतुकातून आणि रागातून रोज उत्तर देत असतात. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ सालच्या प्रयोगांत पाचवीतल्या मुलांनी कोडी सोडवल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ असे म्हटले गेले आणि काहींना ‘तू खूप मेहनत केलीस’ असे. पुढे अवघड कोड्यांत अपयश आल्यावर हुशारीचे कौतुक झालेली मुले लवकर हिरमुसली. त्यांची कामगिरीही घसरली. मेहनतीचे कौतुक झालेली मुले चिकाटीने पुढे गेली. एलिझाबेथ गंडरसन आणि सहकाऱ्यांनी एक ते तीन वर्षांच्या मुलांच्या घरातले बोलणे तपासले, तेव्हा प्रयत्नांचे कौतुक ऐकलेल्या मुलांचा पुढे काही वर्षांनी आव्हानांकडे पाहण्याचा दृष्टिकोन अधिक निरोगी आढळला. चौथीच्या गणितातही त्याचा ठसा दिसला.

हॅरॉल्ड स्टीव्हन्सन आणि जेम्स स्टिगलर यांनी १९८०च्या दशकात अमेरिकेतील मिनियापोलिस, जपानमधील सेंदाई आणि तैवानमधील तैपेई या शहरांतील प्राथमिक शाळांची तुलना केली. जपानी आणि तैवानी मुले गणितात बरीच पुढे होती. तरीही मुलांच्या प्रगतीवर अमेरिकी माता अधिक समाधानी होत्या. यश कशाने मिळते, या प्रश्नावर अमेरिकी मातांनी उपजत क्षमतेवर जास्त भर दिला आणि जपानी मातांनी प्रयत्नांवर. ‘गणित हे रक्तातच असावं लागतं’ हे वाक्य मराठी घरांतही ऐकू येते. ते ऐकलेल्या मुलाला चूक म्हणजे आपल्या कुवतीचा निकाल वाटू लागतो. ‘अजून जमलेलं नाही, पुन्हा कुठे अडलं ते बघू’ असे ऐकलेल्या मुलाला चूक म्हणजे पुढच्या प्रयत्नाची जागा वाटते.

मुलगी आणि गणित

मुलगा आणि मुलगी यांच्याशी होणाऱ्या बोलण्यातला फरक फार लवकर सुरू होतो. अमेरिकेतील ध्वनिमुद्रित संवादांवर आधारलेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे दोन वर्षांच्या मुलग्यांशी आया मुलींपेक्षा कितीतरी अधिक वेळा संख्यांत बोलत असल्याचे दिसले. त्यामागे जाणूनबुजून केलेला भेदभाव असेलच असे नाही. पुढे जॅनिस जेकब्ज आणि जॅकलिन एकल्स यांनी दाखवले की गणित ही मुलग्यांची गोष्ट असे मानणाऱ्या माता मुलीच्या क्षमतेचा अंदाज तिच्या प्रत्यक्ष गुणांपेक्षा खाली लावतात आणि तो अंदाज हळूहळू मुलीचा स्वतःविषयीचा अंदाज बनतो. चांगले गुण मिळवणाऱ्या मुलीला ‘बिचारी फार कष्ट घेते’ आणि मुलाला ‘डोकं तल्लख आहे’ असे म्हणणे वरवर निरुपद्रवी वाटते. पण मुलीला त्यातून कळते की आपल्याला गणित मुळात येत नाही, नुसते निभावून नेता येते.

मुलींच्या हाती परंपरेने आलेल्या गोष्टींतही गणित भरपूर आहे. ठिपक्यांच्या रांगोळीत ‘पाच ते तीन’ म्हणजे मधल्या ओळीत ५ ठिपके आणि वर-खाली एकेक कमी करत ३ पर्यंत. एकूण ठिपके १९ होतात. ‘तीन ते दोन’ काढली तर ७ आणि ‘सात ते चार’ काढली तर ३७. एका ठिपक्यापासून सुरुवात केली तर १, ७, १९, ३७ अशी रांग मिळते आणि पुढची संख्या दर वेळी ६, १२, १८ ने वाढते. या संख्या क्रमाने मिळवत गेल्यास १, ८, २७, ६४ येतात, म्हणजे १, २, ३ आणि ४ यांचे घन. ‘पंधरा ते आठ’ला किती ठिपके लागतील, हे आईला माहीत नसले तरी तिने विचारायला हरकत नाही. मुलगी किंवा मुलगा ते शोधून काढील, उत्तर १६९ येईल आणि १६९ हा १३ चा वर्ग आहे हेही कदाचित त्याच्याच लक्षात येईल. ज्याचे उत्तर पालकालाही ठाऊक नाही असा प्रश्न दोघांनी मिळून सोडवणे, ही गोडी लागण्याची उत्तम वाट आहे.

किशोरवयात काय बोलावे

आठवी-नववीनंतर बहुतेक पालकांना मुलाचे गणित झेपत नाही. त्यांची भूमिका मात्र संपत नाही. हिल आणि टायसन यांच्या आढाव्यात किशोरवयात सर्वांत परिणामकारक ठरला तो एक विशिष्ट प्रकारचा संवाद. शिक्षणाचे मोल काय, मुलाला पुढे काय करावेसे वाटते, त्यासाठी कोणते विषय लागतात आणि अभ्यास कसा आखावा, याविषयीच्या मोकळ्या गप्पा.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ज्युडिथ हरॅकिविझ आणि सहकाऱ्यांनी याचा प्रयोग करून पाहिला. दहावी आणि अकरावीत मुले असलेल्या काही पालकांना गणित-विज्ञान रोजच्या जीवनात आणि व्यवसायांत कुठे उपयोगी पडते, हे सांगणाऱ्या दोन माहितीपुस्तिका पाठवल्या आणि एक संकेतस्थळ दिले. त्यांवरून मुलांशी बोला, एवढेच सुचवले होते. या मुलांनी शालेय शिक्षणाच्या शेवटच्या दोन वर्षांत इतरांपेक्षा जवळपास एक सत्र अधिक गणित-विज्ञान घेतले. पुढे त्यांच्या प्रवेशपरीक्षेतील गणित-विज्ञानाच्या गुणांतही फरक आढळला. मात्र आधीपासून कमी गुण असलेल्या मुलींना या प्रयोगाचा लाभ झाला नाही. ‘हे का करावे?’ याचे उत्तर मिळाले, तरी ‘मला जमेल का?’ ही शंका आधी दूर झालेली नसेल तर नुसत्या उपयोगाच्या गोष्टी पुरत नाहीत.

अपेक्षांचेही असेच आहे. बव्हेरियातल्या सुमारे साडेतीन हजार कुटुंबांच्या अभ्यासात पालकांची आकांक्षा उंच असली की मुलाची प्रगती चांगली होते, असे दिसले. पण मुलाला प्रत्यक्षात जे गाठता येईल असे पालकांना स्वतःलाच वाटते, त्याच्या पलीकडची आकांक्षा त्यांनी धरली की प्रगती खालावली. जेईईचा क्लास, सराव परीक्षांचे गुण आणि शेजारच्या मुलाची टक्केवारी एवढ्यापुरतेच गणिताचे बोलणे उरलेल्या घरांसाठी हा निष्कर्ष गंभीर आहे.

शिकलेले नसलेले पालक

वर आलेले बरेच अभ्यास परदेशातले आहेत. पण भारतातल्या अनुभवावरूनही हेच दिसते की पालकांचे शिक्षण कमी असले तरी संवादाची वाट बंद होत नाही. गरज मोठी आहे. २०२४ च्या ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत होते. ‘प्रथम’ संस्थेच्या मदतीने बिहार आणि राजस्थानात झालेल्या एका प्रयोगात काही गावांतील मातांसाठी साक्षरतेचे वर्ग घेतले गेले. काही गावांत मातांना मुलांसोबत घरी करायच्या छोट्या कृती दिल्या आणि काही गावांत दोन्ही गोष्टी झाल्या. तिन्ही प्रकारांत मुलांच्या गणितात वाढ झाली. वाढ लहान होती, पण ती निश्चित होती आणि नुसत्या कृती दिलेल्या गावांतही ती दिसली. महाराष्ट्रात शाळापूर्व तयारीच्या ‘पहिले पाऊल’ अभियानात वस्तीवस्तीतील मातांचे गट केले गेले. घरातल्या वाट्या, भाज्या आणि दगडगोटे घेऊन वर्गीकरण, क्रम आणि मोजणी कशी करून घ्यायची, हे त्यांना सुचवले गेले.

कोविडच्या काळात शाळा बंद असताना बोत्स्वानात साडेचार हजारांहून अधिक कुटुंबांसोबत एक प्रयोग झाला. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटांचा फोन करून पालक आणि मूल दोघांनाही फोनवर घेत आणि एक गणित सोडवून घेत. नुसत्या संदेशांनी फारसा फरक पडला नाही. फोनवरच्या बोलण्याने मात्र पडला. पुढे भारतासह पाच देशांत हाच प्रयोग करून पाहिला गेला आणि तिथेही उपयोग दिसला.

किती अपेक्षा धरावी

घरातला संवाद हा सर्व दुखण्यांवरचा उपाय नाही. घरातले गणिती वातावरण आणि मुलांची प्रगती यांवरील अनेक अभ्यास एकत्र करून २०२१ साली काढलेला सरासरी सहसंबंध ०.१३ इतका, म्हणजे सौम्य आहे. बरेच अभ्यास नुसता संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. गणिताची आवड असलेले मूल स्वतःच जास्त प्रश्न विचारते आणि घरातले बोलणे वाढवते, असेही घडते. चांगला शिक्षक, भरलेली शाळा, पोटभर जेवण आणि अभ्यासाला जागा यांची उणीव गप्पांनी भरून निघत नाही. दिवसभर कामावर असलेल्या पालकांवर ‘तुम्ही बोलत नाही म्हणून मूल मागे पडले’ असा ठपका ठेवणे तर अन्यायाचे आहे.

तरीही आवाक्यात असलेल्या उपायांत हा सर्वांत स्वस्त आहे आणि त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. अभ्यासांतून पुन्हा पुन्हा पुढे येणाऱ्या गोष्टी थोड्याच आहेत. लहान मुलाशी समोरच्या वस्तू मोजत बोलावे. उत्तर चुकले तर आधी ‘कसं केलंस?’ हे विचारावे आणि बरोबर आले तरीही विचारावे. आपली भीती मुलाच्या कानावर घालू नये. प्रयत्नाची आणि नव्या युक्तीची दखल घ्यावी, हुशारीचा शिक्का मारू नये. मुलीशी तेवढेच आणि तसेच बोलावे जेवढे मुलाशी. मोठ्या मुलाशी गुणांपेक्षा त्याच्या पुढच्या वाटेविषयी बोलावे. गृहपाठावरून रोज भांडण होत असेल तर तो भार शाळेवर आणि मुलावर सोडून गणिताचे बोलणे खेळात, बाजारात आणि स्वयंपाकघरात न्यावे. शिकवण्याचे काम शिक्षकाचे आहे. ‘मला हे जमेल आणि हे माझ्या कामाचे आहे’ असा विश्वास मुलाला घरातून मिळाला, तर त्या शिकवण्याचे चीज होते.